तिथी पाहून समुद्रात उतरावे

अंदमानला स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मुखवटा आणि श्वासाची नळी लावून तरंगत पाण्याखालचे जग पाहण्यासाठी, निघालेल्या कोल्हापूरकरांकडून मला हमखास एकच प्रश्न येतो. शिवाजी पेठेतील एका मित्राने तो परवा आपल्या नेहमीच्या थाटात विचारला, "भावा, बाकीचं ऱ्हाऊ दे, मासं कुठं दिसत्यात तेवढं सांग." एखाद्या किनाऱ्याचे नाव सांगून यातून मोकळे होता येते आणि सहली काढणारी बहुतेक मंडळी तेच करतात, परंतु ज्या किनाऱ्यावर सकाळी पोपट मासे कळपाने चरताना दिसतात, तेथेच दुपारी गुडघाभर गढूळ पाणी आणि तळव्याला टोचणारा खडक एवढेच वाट्याला येऊ शकते. म्हणून मी आधी उलट विचारतो, की जाणे कोणत्या तिथीला आहे?

आपल्या घाटमाथ्यावर तिथीचा संबंध उपवास आणि मुहूर्ताच्या पलीकडे सहसा जात नाही, पण मालवण-देवगडकडचे मच्छीमार आजही तिच्यावरून पाण्याचा अंदाज बांधतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती मोठी येते आणि ओहोटीही खोल जाते; हे उधाणाचे दिवस. अष्टमीच्या आसपास दोन्ही ओढी काटकोनात असतात आणि पाणी थोडेच वरखाली होते. ही भांगाची भरती. दोन्हींचा खरा जोर तिथी उलटल्यावर एकदोन दिवसांनी जाणवतो. श्री विजयपुरम येथे, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये नामांतर झालेल्या पोर्ट ब्लेअरला, उधाणात भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. कोकणात भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीची पाऊणपट करण्याची जुनी रीत आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. हे ढोबळ गणित अंदमानात जसेच्या तसे लावू नये, कारण चंद्र डोक्यावर आल्यानंतर किती वेळाने पाणी चढेल हे प्रत्येक किनाऱ्याच्या ठेवणीवर अवलंबून असते. तेथील भरतीचे वेळापत्रक मोबाइलवर सहज मिळते, आणि भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते एवढे ध्यानात ठेवले की पुढच्या चार दिवसांचा हिशेब तोंडी करता येतो.

हा हिशेब कशासाठी, हे प्रवाळ खडकाची रचना पाहिली की कळते. किनाऱ्याला लागून आधी उथळ, सपाट खडक असतो, त्यापुढे लाटा फुटतात तो काठ आणि काठापलीकडे खोल पाण्यात उतरत जाणारा उतार. प्रवाळाच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न पुरवतात आणि त्यांना सूर्यप्रकाश लागतो, म्हणून प्रवाळ फार खोल जात नाहीत. उलट, सपाट भागावर ओहोटीला उघडे पडून उन्हात भाजून निघण्याची भीती असते. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या सपाटीवर बहुधा मेलेल्या प्रवाळांचे तुकडे, समुद्री काकड्या आणि काळे काटेरी समुद्री साळू भेटतात, तर पाहण्यासारखे सारे वैभव काठावर आणि उताराच्या वरच्या काही मीटरांत असते. तेथपर्यंत जायचे तर सपाटीवरून छाती न घासता तरंगत जाता येईल एवढे पाणी हवे, आणि परतताना ते शिल्लकही हवे. भरती निम्म्यावर आली की उतरावे आणि पाणी पुन्हा निम्म्यावर येण्याच्या आत बाहेर पडावे, हा माझा नियम आहे. चढत्या पाण्याचा आणखी एक लाभ म्हणजे ते बाहेरच्या समुद्रातून आलेले आणि निवळ असते, तर ओसरते पाणी किनाऱ्याजवळची ढवळलेली वाळू सोबत घेऊन जाते.

शहीद द्वीप या छोट्या बेटावर हे सगळे सायकलवर फिरून तपासता येते, म्हणूनच हे बेट मला जवळच्या स्वराज द्वीपाहून अधिक आवडते. डिसेंबर २०१८ पर्यंत ही दोन्ही बेटे नील आणि हॅवलॉक या नावांनी ओळखली जात होती आणि बेटावरच्या गप्पांत अजूनही तीच नावे चालतात. शहीद द्वीपाच्या धक्क्यालगतचा भरतपूर किनारा भरतीला स्नॉर्केलिंगसाठी उत्तम आहे, पण ओहोटीला त्याचे पाणी इतके मागे हटते की नवख्या माणसाला आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे वाटावे. पश्चिमेकडील लक्ष्मणपूरचा किनारा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. मात्र तेथेही वाळूच्या मधोमध न उतरता टोकाच्या खडकाळ बाजूला उतरावे, कारण आत वळलेल्या किनाऱ्याच्या मध्यभागी वाळू साचते आणि प्रवाळाला धरायला कठीण आधार लागतो. लक्ष्मणपूरचा दुसरा भाग, जेथे खडकाची नैसर्गिक कमान आहे, तो ओहोटीलाच पाहायचा. उधाणाच्या ओहोटीत तेथे खडकांतल्या खळग्यांत पाणी अडकून राहते आणि त्यात जिवंत प्रवाळ, खेकडे, छोटे मासे पाय कोरडे ठेवून पाहता येतात. पोहता न येणाऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस गाठावेत ते यासाठी. ज्यांना पाण्यातच राहायचे आहे त्यांनी सप्तमी ते दशमी निवडावी, कारण तेव्हा प्रवाह मंद असतात.

तिथीनंतर वारा. ऑक्टोबरपासून साधारण जानेवारीपर्यंत तेथे ईशान्येकडून वारे येतात, तेव्हा पूर्वेकडचे किनारे खवळलेले आणि पश्चिमेकडचे त्यामानाने शांत असतात. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे हे चित्र उलटवतात, आणि त्या दिवसांत बोटीही अनेकदा रद्द होतात, म्हणून स्नॉर्केलिंगचा विचार करू नये. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मोठा पाऊस पडून गेल्यावर खाडीच्या तोंडाजवळचे पाणी आषाढातल्या पंचगंगेसारखे तांबूस होते. तेथे दोनचार दिवस जाऊन उपयोग नाही.

घरी बसून करण्यासारखे सर्वांत उपयुक्त काम म्हणजे उपग्रह नकाशा उघडून बेटाचा किनारा सावकाश न्याहाळणे. फिकट निळा-हिरवा पट्टा म्हणजे उथळ वाळू. त्यात तपकिरी ठिपक्याठिपक्यांचा, कडा स्पष्ट असलेला भाग दिसला तर तो बहुधा प्रवाळ असतो. एकसारखा गडद आणि पुसट कडांचा पट्टा समुद्री गवताचा असण्याची शक्यता अधिक. अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी असलेला ड्युगाँग, म्हणजे समुद्रगाय, याच गवतावर जगतो, त्यामुळे तो पट्टाही निरर्थक नसतो, पण रंगीत मासे पाहायला गेलेल्याची तेथे निराशा होते. जेथे फिकट रंग एकाएकी गडद निळा होतो ती काठाची रेषा. ती किनाऱ्यापासून किती दूर आहे हे नकाशावरच मोजावे, आणि अंतर आपल्या दमाच्या बाहेरचे असेल तर ती जागा बोटीने करावी.

उन्हाची वेळही आपल्याकडच्यापेक्षा वेगळी असते. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच, पण बेटे बरीच पूर्वेला असल्यामुळे सूर्य लवकर उगवतो, अकरा ते साडेअकराच्या दरम्यान माथ्यावर येतो आणि हिवाळ्यात पाच-सव्वापाचला मावळतो. पाण्याखालचे रंग ऊन वरून सरळ पडते तेव्हाच खुलतात, म्हणून नऊ ते बारा हा काळ हातचा जाऊ देऊ नये. नाश्ता उरकून सावकाश अकराला बाहेर पडण्याची सुट्टीतली सवय येथे महागात पडते.

प्रसिद्धीवर जाऊ नये, हे स्वराज द्वीपावर विशेष लागू पडते. टाइम नियतकालिकाने २००४ मध्ये ज्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले तो राधानगर खरोखरच देखणा आहे, पण तो वाळूचा आणि लाटांचा किनारा आहे. तेथे मुखवटा घालून पाहण्यासारखे फारसे नाही. तेथील स्नॉर्केलिंगसाठी एलिफंट बीच योग्य, आणि तोही सकाळच्या पहिल्या बोटीने किंवा जंगलातल्या पायवाटेने लवकर पोहोचून, कारण नंतर मोटारबोटी आणि वॉटर स्पोर्ट्स यांचा गलका सुरू होतो. दक्षिण अंदमानातील वंडूरजवळचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. त्यातील जॉली बॉय बेटावर परवाना घेऊनच जाता येते आणि प्लास्टिक नेऊ देत नाहीत. हा नियम काहींना जाचक वाटतो, मला तो तेथील पाण्याच्या निवळपणाचे अर्धे कारण वाटतो.

मात्र कोठेही गेलात तरी जुन्या छायाचित्रांतले सारे रंग मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. समुद्राचे तापमान वाढल्याने १९९८ आणि २०१० मध्ये येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची जमीन वर उचलली जाऊन तेथील काही प्रवाळ खडक कायमचे पाण्याबाहेर आले, तर दक्षिणेकडचा भाग खचला. पाण्याखाली पांढरे आणि करडे सांगाडे दिसले तर त्यामागे हा इतिहास असतो, आणि त्यांच्यामध्ये उगवलेली तळहाताएवढी नवी प्रवाळे शोधण्यात मला वेगळाच आनंद मिळतो.

आता थोडे आपल्या लोकांविषयी. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या कोल्हापूरच्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण त्याची पोहण्याची रीत स्नॉर्केलिंगच्या मुळावर येते. मान वर काढून हात मारण्याची सवय असल्याने तो पाणी ढवळतो, दमतो आणि मासे पळवतो. खाऱ्या पाण्यात शरीर आपोआप तरंगते. हात अंगालगत ठेवून केवळ पाय सावकाश हलवावेत. दुसरी अडचण मिशीची. मुखवट्याची रबरी कड वरच्या ओठावर त्वचेला चिकटावी लागते आणि पिळाच्या मिशीतून पाणी हमखास झिरपते. मिशीला व्हॅसलीन चोपडल्याने बरेचसे भागते. मिशी काढा असे सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. मुखवटा विकत घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपल्या चेहऱ्याचा. निघण्यापूर्वी एखाद्या तरणतलावात तो घालून तासभर सराव करावा म्हणजे बेटावरचा पहिला दिवस खोकण्यात जात नाही.

हा स्थिरपणा साधला की मग दिसू लागते. समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनच्या) पुंजक्यात दडलेला नारिंगी विदूषक मासा आपण मिनिटभर न हलता तरंगत राहिलो तर पुन्हा बाहेर येतो, थेट काचेपर्यंत धावून येतो आणि शेपटी फिरवून परत शिरतो. पोपट मासा खडक खरवडतो त्याचा कुरकुर आवाज कानांना स्पष्ट ऐकू येतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या वाळूची धार सुटते; दळलेला खडक असा बाहेर पडतो. मोठ्या शिंपल्याच्या निळ्या-जांभळ्या ओठांवर आपली सावली पडली की तो आक्रसून मिटतो, म्हणून त्याच्याकडे सूर्य समोर ठेवून जावे.

उतरण्याआधी दहा मिनिटे किनाऱ्यावर उभे राहून पाणी पाहावे. सुकलेले पान टाकून ते कोणीकडे जाते हे बघावे आणि पोहण्याची सुरुवात त्याच्या उलट दिशेने करावी, म्हणजे दमल्यावर प्रवाह आपल्याला परत आणतो. एकट्याने जाऊ नये. वनखात्याने मगरीच्या इशाऱ्याचा फलक लावला असेल तर तेथे पाऊलही टाकू नये. २०१० मध्ये राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता, त्यामुळे हे फलक शोभेचे नाहीत. खारफुटी आणि खाडीची तोंडे यासाठीच टाळावीत. बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, म्हणजे पाठ भाजत नाही आणि प्रवाळाला अपायकारक ठरू शकणारे सनस्क्रीन अंगभर चोपडावे लागत नाही. प्रवाळावर उभे राहू नये, आणि वाळूत पडलेला तुकडाही खिशात घालू नये; वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ येतात आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

ज्यांना एवढे दूर जायचे नाही त्यांच्यासाठी फोंडा घाट उतरून मालवण आहेच. तेथील सागरी अभयारण्य १९८७ चे आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात मासे भरपूर दिसतात, जरी पाण्याचा निवळपणा अंदमानइतका नसला तरी. तेथे बहुधा ट्यूबला धरवून दहा-पंधरा मिनिटे फिरवतात आणि छायाचित्र काढून वर घेतात. भांगाच्या दिवसांत सकाळी जाऊन, बोटवाल्या दादांना आधीच सांगून थोडा अधिक वेळ ठरवून घ्यावा. गर्दी नसेल तर ते सहसा नाही म्हणत नाहीत.