शिक्का मिळाला, पण…

2021 च्या ऑगस्टमधली गोष्ट. एका सकाळी डोंबिवली स्टेशनवर कोविड लसीच्या प्रमाणपत्रावर शिक्का मारून घेतला आणि महिन्याचा पास काढला. दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस झालेल्यांना 15 ऑगस्टपासून लोकल खुली झाली होती. इतक्या महिन्यांनी पास हातात आला, डोळेच भरून आले.

माझ्या पुढे पंचविशीतला एक मुलगा होता. दादरला कपड्यांच्या दुकानात कामाला. एकच डोस झालेला, तोही जुलैत. खिडकीवरच्या ताईंनी शांतपणे नकार दिला. "मॅडम, दुसरा डोस मिळतच नाही ना," एवढंच म्हणाला आणि बाजूला झाला.

खरंच होतं त्याचं. तेव्हा कोविशिल्ड लसीच्या दोन डोसांत 84 दिवसांचं अंतर होतं. त्यात 18 ते 44 वयाच्या लोकांचं लसीकरण मे महिन्यात लशींअभावी राज्याला थांबवावं लागलं होतं. म्हणजे त्याचा नंबर ऑक्टोबरात. तोवर बस, शेअर रिक्षा, पगारातला मोठा वाटा प्रवासात.

मी लसीच्या बाजूची आहे. एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी वणवण करणारी माणसं आमच्याच इमारतीत पाहिली, त्यामुळे गर्दीची भीती मलाही वाटत होती. पण जो लस नाकारत होता आणि जो लसीची वाट बघत होता, त्या दोघांना एकच नियम कसा? एक डोस झालेल्या कामगारांना निदान कामाच्या वेळेपुरता तरी पास द्यायला हवा होता.

संध्याकाळी परतताना डब्यात बसायला जागा मिळाली. तो मुलगा कसा पोचला असेल?