किनवटमधून पाहिलेला एक शपथविधी

राष्ट्रपतींचा शपथविधी आपल्याकडे सहसा कोणी ठरवून पाहत नाही. मुख्यमंत्र्यांचा पाहतात, कारण कोणाला कोणते खाते मिळाले आणि कोण रुसून मतदारसंघात निघून गेला, याची उत्सुकता असते. पंतप्रधानांचाही पाहतात. राष्ट्रपती मात्र पाठ्यपुस्तकाच्या चौकटीतच राहतात: नाममात्र प्रमुख, संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापती, टीपा लिहा, गुण दोन. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्या आपल्या जळगावच्या म्हणून थोडे कौतुक झाले होते, पण ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रापुरतेच. २५ जुलै २०२२ चा सोमवार निदान आमच्या किनवटमध्ये तसा गेला नाही, आणि त्याविषयी लिहिण्याचे बरेच दिवस मनात होते.

किनवट म्हणजे नांदेड जिल्ह्याचा उत्तरेकडचा कोपरा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ लागते आणि दुसऱ्या बाजूला तेलंगणातले आदिलाबाद. निजामाच्या काळात आणि नंतर हैदराबाद राज्यातही हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि आम्ही मराठवाड्याचे झालो. मराठवाडा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दुष्काळ येतो, अनुशेष येतो, ऊसतोड आणि रेल्वेच्या मागण्या येतात. सागवानाचे जंगल येत नाही आणि गोंड, कोलाम, आंध, परधान ही माणसे तर मुळीच येत नाहीत. मराठवाड्यातही आदिवासी राहतात का, असा प्रश्न मला पुण्या-मुंबईतल्या चांगल्या शिकलेल्या लोकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, म्हणून उत्तर देताना मी चिडत नाही. मात्र उत्तर दरवेळी पहिल्यापासून द्यावे लागते.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. त्या जुलैत पावसाने पैनगंगेच्या काठाला झोडपून काढले होते, सोयाबीनच्या शेतांत पाणी साचले होते आणि वर्गात हजेरी जेमतेम होती. तरीही त्या सकाळी प्रोजेक्टर असलेल्या खोलीत बाके पुरली नाहीत. शासकीय आदिवासी वसतिगृहातल्या मुली गृहपाल मॅडमसह आल्या होत्या. विज्ञान शाखेची मुले प्रात्यक्षिक बुडवून मागे उभी होती, आणि शिपाईमामा दाराच्या चौकटीला टेकून पाहत होते. सव्वादहाच्या सुमारास संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी द्रौपदी मुर्मू यांना पदाची शपथ दिली. मुर्मू यांनी पांढऱ्या रंगाची, हिरव्या-लाल काठांची, हातमागावरची साधी संताळी साडी नेसली होती. पुढच्या बाकावरच्या दोघीजणी त्या काठांविषयी इतक्या बारकाईने बोलत होत्या की मला त्यांना गप्प करावे लागले. नंतर वाटले, शपथेचे शब्द पुस्तकात सापडतात. त्या मुली जे पाहत होत्या ते पुस्तकात नव्हते.

शपथ झाली, नोंदवहीत सही झाली आणि मग मावळते राष्ट्रपती रामनाथ कोविंद आणि नव्या राष्ट्रपती यांनी आपापल्या खुर्च्यांची अदलाबदल केली. “सर, खुर्च्या काहून बदलल्या?” असा प्रश्न लगेच आला. शपथेआधी मानाची खुर्ची कोविंद यांची होती, शपथेनंतर ती मुर्मू यांची झाली, एवढाच त्याचा अर्थ. पण पाच वर्षे देशाच्या सर्वोच्च पदावर असलेला माणूस कोणी न सांगता उठतो आणि शेजारच्या खुर्चीत बसतो, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिले. सत्तांतराचा धडा मी त्याहून चांगला शिकवू शकलो नसतो. शपथविधीसाठी २५ जुलै हीच तारीख का, हेही सांगून टाकले: १९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी त्या दिवशी पदभार घेतला, त्यांच्यानंतरच्या प्रत्येकाने पाच वर्षांची मुदत पूर्ण केली, त्यामुळे तारीख आपोआप टिकून राहिली. संविधानात ती कुठेही लिहिलेली नाही.

त्या सभागृहाविषयी मात्र मला थांबून बोलायचे होते, आणि दूरदर्शनचा निवेदक पाहुण्यांची नावे सांगत असताना मी ते बोललोही. संविधान सभा याच घुमटाखाली बसली होती. १९ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावरच्या चर्चेत तिथे जयपालसिंग मुंडा उभे राहिले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे ते कर्णधार होते आणि ऑक्सफर्डला शिकलेले होते. आपल्याला जंगली म्हणतात त्याचा आपल्याला अभिमान आहे, असे त्यांनी त्या सभेला सुनावले. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिकून घ्या, असेही ते म्हणाले. त्यांचे नाव आमच्या खोलीतल्या एकाही मुलाने ऐकलेले नव्हते. ते दोष देण्यासारखे नाही. पाठ्यपुस्तकात नाव असते तर त्यांनी ते ऐकले असते.

राष्ट्रपतिपद हे शोभेचे पद आहे, असे म्हणण्याची एक फॅशन आहे आणि पुष्कळ अंशी ती खरीही आहे. पण किनवटसारख्या ठिकाणी त्या पदाचा संबंध माणसाच्या कपाटातल्या कागदापर्यंत येऊन पोहोचतो. कोणती जमात अनुसूचित आहे हे संविधानाच्या अनुच्छेद ३४२ प्रमाणे राष्ट्रपती अधिसूचना काढून ठरवतात, आणि त्या यादीत पुढे काही बदल करायचा तर संसदेला कायदा करावा लागतो. पहिला आदेश १९५० चा, राजेंद्रप्रसादांच्या काळातला. वसतिगृहातल्या कोणत्याही मुलीचे जमातीचे प्रमाणपत्र काढून पाहावे, त्यात त्या १९५० च्या आदेशाचा उल्लेख छापलेला सापडतो. प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, सगळीकडे तो कागद लागतो, आणि त्याची पडताळणी होईपर्यंत एखाद्या बापाच्या चपला कशा झिजतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. पाचव्या अनुसूचीतले अनुसूचित क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकारही राष्ट्रपतींचाच. महाराष्ट्रासाठीचा तसा आदेश डिसेंबर १९८५ मध्ये ज्ञानी झैलसिंग यांच्या कारकिर्दीत निघाला आणि त्यात किनवटची गावे आहेत. म्हणजे आमच्या मुलांचे आदिवासी असणे आणि त्यांच्या गावाचे अनुसूचित असणे, या दोन्ही गोष्टी कागदोपत्री राष्ट्रपतींच्या आदेशावर उभ्या आहेत. हे आदेश काढणाऱ्या पदावर तोवर बसलेल्यांपैकी कोणाचीही जमात त्या यादीत नव्हती. त्या सोमवारी पहिल्यांदा यादीतलीच एक व्यक्ती त्या पदावर आली. मला त्या दिवसाचे ऐतिहासिकपण वाटले ते इथे. घोडेस्वार अंगरक्षक आणि एकवीस तोफांची सलामी या गोष्टी प्रत्येक वेळी असतातच.

भाषणाची सुरुवात त्यांनी “जोहार” म्हणून केली. आमच्याकडे गोंडांमध्ये “जय सेवा” म्हणतात, पण जोहारही ओळखीचा आहे, त्यामुळे खोलीत एकदम हसू आणि टाळ्या उठल्या. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा या गावात जन्म, गावातून महाविद्यालयात जाणारी पहिली मुलगी, पुढे सिंचन खात्यात कनिष्ठ सहायक, मग रायरंगपूरला शिक्षिका, १९९७ मध्ये तिथल्याच नगर पंचायतीच्या नगरसेविका, नंतर आमदार, मंत्री, झारखंडच्या राज्यपाल: हा प्रवास मुलांनी आधीच मोबाइलवर वाचलेला होता. माझे लक्ष त्यातल्या नगरसेवकपदावर जास्त गेले. राजघराण्याचा किंवा मोठ्या नेत्याचा हात धरून वर आलेल्यांची नावे आपल्याला पाठ असतात; नगर पंचायतीतली गटारे आणि पथदिवे यांची कामे करून राष्ट्रपती भवनात पोहोचलेले माणूस विरळाच.

आपण इथवर पोहोचणे ही एकट्याची नव्हे, देशातल्या प्रत्येक गरिबाची कमाई आहे, आणि गरीब माणूस स्वप्न पाहू शकतो व ते पूर्णही करू शकतो याचा आपली निवड हा पुरावा आहे, अशा आशयाचे त्या बोलल्या. खोलीत त्या वाक्याला सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण थोड्या हात राखून. त्याआधीच्या महिन्यात त्यांची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा उपरबेड्याच्या डुंगुरीसाही या पाड्यावर वीज नसल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि बातम्या आल्यावर घाईघाईने खांब आणि रोहित्र तिकडे रवाना झाले. पाड्यातले कोणी राष्ट्रपती होणार असेल तर दिवा लागतो, हे चांगलेच आहे. परंतु किनवट तालुक्यातल्या एखाद्या कोलामगुड्याने दिव्यासाठी इतका लांबचा मार्ग धरायचा का? कोलामांची नोंद महाराष्ट्रात कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर आदिम जमात म्हणून आहे, म्हणजे सरकारच्याच लेखी ते मागासांतले मागास. त्यांच्या एखाद्या मुलीला दहावीपर्यंत पोहोचायला स्वप्नापेक्षा पावसाळ्यात चालू राहणारी एसटी जास्त उपयोगी पडते. भाषणाच्या दिवशी हे बोलणे रसभंगाचे झाले असते, म्हणून मी बोललो नाही.

मुलांनीच मग दुसरा विषय काढला. शपथ हिंदीत का, संताळीत का नाही? संताळी २००३ च्या ब्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीत, आली आहे, तिला स्वतःची ओल चिकी लिपी आहे, हे सांगितल्यावर एका गोंड मुलाने लगेच विचारले, “आन् गोंडी?” गोंडी त्या अनुसूचीत नाही. महाराष्ट्रापासून छत्तीसगड, तेलंगणापर्यंत लाखो लोक बोलतात, तरी नाही. आमच्या आश्रमशाळांत पहिलीला येणारे पोर घरून गोंडी किंवा कोलामी घेऊन येते, बोर्डावर प्रमाण मराठी पाहते, आणि बाजारात त्याच्या कानावर तेलुगू पडते. ते मूल मंद आहे, असा शेरा वहीत मारणे शिक्षकाला सोपे जाते.

या सगळ्याला आता काही काळ लोटला आहे, पण राष्ट्रपतींचे अधिकार हा पाठ आला की मुले मुर्मूंचेच उदाहरण काढतात, आणि प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाले आहेत. झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ मध्ये, त्यांनी छोटा नागपूर आणि संताळ परगणा कूळकायद्यांतल्या दुरुस्त्यांची विधेयके सही न करता राज्य सरकारकडे परत पाठवली होती. आदिवासींच्या जमिनीचा बिगरशेती वापर त्या दुरुस्त्यांमुळे सोपा झाला असता, आणि लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. सरकार त्यांच्याच मूळ पक्षाचे होते, हे विशेष. वनसंवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीवर मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांची संमती झाली, आणि त्या दुरुस्तीला अनेक आदिवासी संघटनांचा विरोध होता. मग तिकडे परत पाठवले, इकडे का नाही, असे बारावीच्या एका मुलीने मला सरळ विचारले.

मी तिला तरतुदी सांगितल्या. अनुच्छेद ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात. अनुच्छेद १११ प्रमाणे विधेयक फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येते, पण संसदेने ते पुन्हा मंजूर केले की संमती रोखता येत नाही. २००६ मध्ये अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदासंबंधीचे विधेयक असे परत पाठवले होते. दोन्ही सभागृहांनी ते जसेच्या तसे मंजूर केले आणि कलामांना सही करावी लागली.

“म्हणजे परत पाठवून उपयोग काय?” तिने विचारले. मी काही बोलायच्या आत तिच्या मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “उपयोग नसंल, पण पाठवलं हे तर लिहून राहिलं ना.” त्यावरून वर्गात दोन तट पडले, आणि राहिलेला तास त्यातच गेला.