अमेरिकेत आजारपणात नोकरी थांबली, तर विमा आणि पेन्शनचा हिशेब

भुसावळ-जळगावकडे रेल्वेचं नाहीतर शाळेचं पेन्शन घरोघरी माहीत. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाचं काम आजारपणात सुटलं, की घरची मंडळी धरून चालतात: विम्याचे वेगळे, सरकारचे वेगळे, दोन्हीकडून पैसे. तसं होत नाही.

कंपनीच्या दीर्घकालीन अपंगत्व विम्यातून बहुतेकदा पगाराच्या 60 टक्के मिळतात, तेही 90 किंवा 180 दिवस थांबल्यावर. महिना पगार 6,000 डॉलर, तर 3,600. पुढे सोशल सिक्युरिटीचं (अमेरिकी सरकारच्या पेन्शन योजनेचं) अपंगत्व वेतन, समजा 2,200, मंजूर झालं की विमा कंपनी तेवढे वजा करून 1,400 देते. हातात 3,600च.

खरी गोम थकबाकीत आहे. मंजुरी लांबली की समजा 12 महिन्यांचे 26,400 एकदम खात्यात येतात. तोवर विमा कंपनीने पूर्ण 3,600 दिलेले असतात, म्हणून ती ही रक्कम परत मागते. त्या पैशांतून पाचोऱ्याला प्लॉट घेतला, तर वसुली होईपर्यंत महिन्याचे पैसेच अडकतात. ती रक्कम हात न लावता बाजूला ठेवा. हे वेतन मिळवायला वकिलाची फी दिली असेल तर परतफेडीतून ती वजा करायला लेखी सांगा; बऱ्याच कंपन्या करतात.

दुसरी घाई 62व्या वर्षी सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन सुरू करण्याची होते. 1960 किंवा नंतर जन्मलेल्यांचं पूर्ण निवृत्तिवय 67. पाच वर्षं आधी घेतलं की 30 टक्के कपात, आयुष्यभराची: 2,200चे 1,540. अपंगत्व वेतनाला ही कपात नाही आणि 67ला तेच आपोआप निवृत्तिवेतन होतं, रक्कम तीच. शिवाय लवकर घेतलेलं निवृत्तिवेतनही बऱ्याच पॉलिसी वजा करतात. म्हणजे कपात सोसायची आपण आणि फायदा कंपनीचा. पात्र असाल तर आधी अपंगत्वाचाच अर्ज करा.

67च्या सुमारास विमा साधारणपणे संपतो आणि 3,600चे 2,200 होतात. विम्याचे पैसे पगारात धरत नसल्याने चारशे एक के (401k, नोकरीतून निवृत्तीसाठी बचत होते त्या) खात्यातही त्या वर्षांत सहसा भर पडलेली नसते.

आणि घरून "इकडे ये भो, आम्ही बघू" असा फोन येतोच. माया खरी आहे, पण अनेक पॉलिसींत वर्षातून सहा महिन्यांहून जास्त अमेरिकेबाहेर राहिलं की पैसे थांबतात. तिकीट काढण्याआधी ऑफिसकडून पूर्ण पॉलिसी मागवून ते कलम वाचा. माहितीपत्रकात ते बहुधा नसतं.