आमची वाटचाल : तीनदा आलेल्या गाडीपासून

आमच्याकडे जुन्या गाड्यांच्या इंजिनाचं सगळं काम होतं, पण निम्म्याहून अधिक गाड्या येतात त्या इनटेक मॅनिफोल्डसाठी, म्हणजे कार्बोरेटरकडून हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या भागासाठी. कुठेतरी दोनदा-तीनदा पॅकिंग, म्हणजे सांध्यातलं गॅस्केट, बदललेलं असतं आणि तरी इंजिन सांध्यातल्या फटीतून हवा खेचत असतं. हे काम आम्ही ठरवून निवडलं नव्हतं. एका गाडीमुळे ते आमच्या वाट्याला आलं.

सुरुवातीला मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच होतो. ब्रेक, क्लच, कार्बोरेटर, जे मिळेल ते काम घ्यायचो. त्या दिवसांत शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन असलेली एक गाडी आली. १९५५ साली आलेली ही इंजिनं ओतीव लोखंडाची आणि समजायला सोपी. या गाडीचं ऑईल मागच्या बाजूने गळत होतं. आम्ही मॅनिफोल्ड उतरवला, नवी गॅस्केटं लावली, ब्लॉकच्या पुढच्या-मागच्या भिंतीवर किटमधल्या कॉर्कच्या पट्ट्या ठेवल्या आणि वरून सढळ हाताने सिलिकॉन सीलंट थापलं. दोन आठवड्यांत गाडी परत आली. उघडून पाहिलं तर बोल्ट आवळताना मागची पट्टी बाहेर सरकली होती. दुसऱ्या वेळी आम्ही सिलिकॉन आणखी वाढवलं. गळती थांबली, पण आता एक्झॉस्टमधून निळसर धूर येऊ लागला. एका बाजूचे स्पार्क प्लग ऑईलने ओले. फट शोधायला सांध्यावर बाहेरून स्प्रे मारून पाहिला, आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) जराही बदललं नाही.

तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले तेव्हा मालक रागावले नाहीत. "जमत नसेल तर सांगा, मी दुसरीकडे नेतो," एवढंच म्हणाले. त्या रात्री आम्ही दोघं घरी गेलो नाही.

व्ही इंजिनात सिलिंडरांच्या दोन तिरक्या रांगा असतात, प्रत्येकीवर एक हेड, आणि मॅनिफोल्ड त्या दोन हेडच्या मध्ये पाचरीसारखा बसतो. आम्ही पहिल्यांदाच तो गॅस्केट न लावता, सुका ठेवून पाहिला. पोर्टच्या (हेडमधल्या हवेच्या वाटेच्या तोंडाच्या) वरच्या कडेला ०.१० मिलीमीटरचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, शिरेना आणि खालच्या कडेला ०.३० चं सहज गेलं. पूर्वी कुणीतरी हेडची ती बाजू प्लेन केली होती, पण कोन चुकवला होता. म्हणजे वरून सगळं घट्ट, आणि खालच्या फटीतून इंजिन आतल्याच ऑईलचे तुषार ओढून घेत होतं. ही गळती इंजिनाच्या पोटात असल्याने बाहेरच्या स्प्रेला ती सापडणारच नव्हती. आता आम्ही असा संशय आला की ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली हवा सुटायची वाट) आणि डिपस्टिकची नळी बंद करतो, पीसीव्ही व्हॉल्व्हची, म्हणजे पोटातली वाफ इनटेकमध्ये नेणारी, नळी काढून दोन्ही टोकांना बूच मारतो आणि आयडलवर ऑईल भरायच्या तोंडावर तळवा ठेवतो. तळवा आत ओढला गेला की फट आत आहे.

मॅनिफोल्डची ती बाजू हेडच्या कोनाला जुळवून मिलिंग करून घेतली, कॉर्कच्या पट्ट्या फेकल्या आणि दोन्ही भिंतींवर सिलिकॉनची एकसलग, फटीपेक्षा थोडी उंच वळी ओढली. दोन बोल्टांची डोकी कापून ते खुंट्यांसारखे हेडमध्ये लावले, म्हणजे मॅनिफोल्ड सरळ खाली उतरला आणि वळी फिसकटली नाही. ती गाडी त्या कामासाठी पुन्हा आली नाही. त्याच मालकांनी पुढे आपल्या एका मित्राची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाठवली.

एमजीबीने आम्हाला वेगळंच शिकवलं. तिच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात. काही स्टडवर तर एकच जाड वॉशर दोन्ही फ्लॅंजना (मॅनिफोल्डच्या हेडला टेकणाऱ्या कडांना) मिळून दाबतो. या गाडीला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवा बसवला होता आणि त्याचा फ्लॅंज इनटेकपेक्षा अर्धा मिलीमीटर जाड होता. नट कितीही आवळा, सगळा दाब एक्झॉस्टवर जाई आणि इनटेक नुसता टेकलेला राही. आयडलिंग चढलेलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज. कुणाला गॅस्केटचा दोष वाटला होता, कुणाला कार्बोरेटरचा. आम्ही जाड फ्लॅंजची वॉशर टेकते ती जागा बाहेरून उतरवून दोन्ही सारखे केले. मला आजही वाटतं की या इंजिनांवर गॅस्केट उघडण्याआधी कॅलिपर हातात घ्यायला हवा.

रोव्हरच्या ३.५ लिटर व्ही-८ ला पत्र्याचं एकच मोठं गॅस्केट दोन हेडमधली सगळी दरी झाकतं. तिथे मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतं, म्हणून मॅनिफोल्ड उतरवण्याआधी कूलंट काढून घ्यावं लागतं, नाहीतर ते थेट ऑईलमध्ये उतरतं.

एक चूक मात्र आम्हाला फार महागात पडली. जुनं गॅस्केट निघेना म्हणून आम्ही एका इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर ड्रिलला घासणीची चकती लावून ते साफ केलं. चकतीची बारीक खर ऑईलमध्ये गेली आणि थोड्याच दिवसांत बेअरिंगं खरवडली गेली. ते इंजिन आम्ही स्वतःच्या खर्चाने पुन्हा बांधून दिलं. तेव्हापासून पोर्टमध्ये आणि दरीत कापडाचे बोळे, हातात बोथट पाती आणि शेवटी सॉल्व्हंटने पुसणं. नवीन मुलगा आला की त्याचे पहिले दोन महिने फक्त यातच जातात. बोटावरचा ऑईलचा ओशटपणा राहिला तरी सिलिकॉन धरत नाही, हे सांगून पटत नाही, स्वतः पुसून पाहिलं की पटतं.

सिलिकॉनवर आमचा राग नाही, जागा चुकते याचा आहे. पेट्रोल लागलं की ते फुगतं आणि सुटतं, म्हणून पोर्टभोवती आम्ही ते लावत नाही. पाण्याच्या भोकांभोवती पातळ थर, दोन्ही भिंतींवर वळी, बस. जे बोल्ट पाण्यात किंवा ऑईलमध्ये उतरतात त्यांच्या आट्यांना सीलंट हवंच. स्मॉल ब्लॉकच्या लोखंडी मॅनिफोल्डला साधारण ४० न्यूटन-मीटर टॉर्क, मधून सुरू करून बाहेर, तीन टप्प्यांत. गाडी एकदा पूर्ण तापून थंड झाली की पुन्हा तपासतो, कारण गॅस्केट थोडं बसतं.

आज आम्ही सहा जण आहोत. हप्त्यांवर घेतलेलं छोटं मिलिंग मशीन आता आमच्या मालकीचं आहे. संध्याकाळी बसवून त्याच संध्याकाळी गाडी हवी म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. सिलिकॉनला रात्र लागते. यात काही कामं गेली, पण तो नियम आम्ही मोडलेला नाही.

गेल्या वर्षापासून एक नवं काम सुरू केलंय. ज्या इंजिनांची गॅस्केटं आता बनतच नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही ती शीटमधून कापतो. हेडवर कागद दाबून पोर्टचा ठसा घेतो, तो मॅनिफोल्डच्या ठशावर ठेवून उजेडाला धरतो आणि दोन्ही जुळले तरच पुढे जातो. गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा सर्व बाजूंनी अर्धा-एक मिलीमीटर मोठं ठेवतो, म्हणजे कड वाऱ्याच्या वाटेत येत नाही. भाऊ यात माझ्यापेक्षा सरस आहे. ठशांचे कागद तो इंजिनाच्या नावासकट फाइलमध्ये लावून ठेवतो, आणि त्या फाइली आता दोन कपाटांत मावत नाहीत.