घरच्या संत्र्यांची वाइन: पहिली कडू झाली, दुसरी जमली

आमच्या कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या घरामागे नेव्हल संत्र्याचं एक झाड आहे, घर घेतलं तेव्हापासूनच होतं, आणि डिसेंबर ते एप्रिल त्याला एवढी फळं लागतात की आम्ही चौघांनी रोज खाल्ली तरी संपत नाहीत. वाटून टाका म्हणाल तर तेही जमत नाही. 2017 मध्ये इथे एचएलबी हा संत्र्या-लिंबाच्या झाडांचा रोग सापडला, आपल्याकडे ग्रीनिंग म्हणतात तोच, सायला नावाची बारीकशी कीड तो पसरवते, आणि तेव्हापासून क्वारंटाइनच्या हद्दीत घरच्या झाडाचं फळ आवाराबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. खायचं तर घरीच, रस काढायचा तर घरीच. मी वरूडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली, झाडाखाली फळ सडताना बघितलं की माझ्या पोटात कालवतं. मुरंबा करून झाला, केक झाले, सालीचं लोणचंसुद्धा करून बघितलं. मग नवरा म्हणाला वाइन करून बघ ना, आणि ते डोक्यात बसलं.

आधी कायद्याचं सांगते कारण माहेरी सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. अमेरिकेत घरी स्वतःपुरती वाइन करायला परवानगी आहे, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत, एकटं असेल तर 100, फक्त विकायची नाही. भट्टी लावून दारू गाळणं हे मात्र इथेही बेकायदेशीर आहे. महाराष्ट्रात विनापरवाना घरी दारू करता येत नाही, त्यात वाइनही आली, तेव्हा माझ्या भावाने रेसिपी मागितली तरी मी त्याला नाहीच म्हटलं. आईला वेगळी काळजी होती, असल्या घरच्या दारूने डोळे जातात म्हणे. तिला समजावलं की ज्या विषारी दारूच्या बातम्या येतात तिच्यात बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथाइल अल्कोहोल मिसळलेलं असतं, फळाचा रस नुसता आंबवला तर त्यात ते घातक प्रमाणात तयार होत नाही. तिचं समाधान अर्धवटच झालं.

तर पहिली बॅच. डिसेंबरचा पहिला आठवडा, फळं मस्त केशरी झाली होती, मी तीसेक तोडली. सोलून फोडी केल्या आणि सरळ मिक्सरला लावल्या, पापुद्र्यासकट, कारण घरी रस नेहमी तसाच होतो, मग मलमलच्या कापडातून गाळला. तेव्हा चाखला तर छान गोड. जंतू मरावेत म्हणून पातेल्यात घालून पंधरा मिनिटं उकळला, अंदाजाने किलोभर साखर टाकली, गार होऊ दिला, वाइनचं यीस्ट घातलं आणि एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच, लावलेल्या काचेच्या बरणीत भरून ठेवला. रात्री पातेल्याच्या तळाशी थोडा राहिला होता तो प्यायले तर जीभ कडू झाली. सकाळी गोड असलेला रस रात्री कडू! मला वाटलं साखर आहे ना, झाकून जाईल.

नाही झाकून जात. उलटं होतं. यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं, गोडी संपते आणि कडूपणा जसाच्या तसा उघडा पडतो. पाच आठवड्यांनी चाखली तेव्हा कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं वाटलं. शिवाय ती निवळेच ना, तीन महिने बरणीत ताकासारखी पांढुरकी उभी होती. मी रोज टॉर्च लावून बघायची, पलीकडचा प्रकाश दिसायचा नाही.

दोन्हीची कारणं मग शोधत बसले आणि ती इथे नीट लिहून ठेवते, कारण नवीन माणूस इथेच फसतो. नेव्हलच्या पांढऱ्या सालीत आणि फोडीच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, फळात असेपर्यंत त्याला चव नसते, पण रस काढला की रसातल्या आंबटाशी तो मिसळतो आणि काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, ते जबरदस्त कडू असतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि ठेवलेला कडू. उष्णता दिली की हे अजून भरभर होतं. म्हणजे मी पापुद्रे मिक्सरमध्ये वाटले ते एक आणि वरून उकळलं ते दुसरं, दोन्हीने कडूपणा वाढवला. निवळली नाही तेही उकळण्यामुळेच, संत्र्यात पेक्टिन भरपूर, ज्याच्यामुळे मार्मलेड बसतो तेच, उकळल्यावर ते रसात असं उतरतं की नंतर खाली बसत नाही.

तिसरं कारण बाबांनी सांगितलं. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अवं बाई, इतक्या लवकर तोडलं काऊन? थंडी पडली का रंग येते, गोडी मांगून येते." मी म्हटलं बाबा तुम्हीच तर शिकवलं होतं की रंग आला की तोडायचं, उशीर केला तर साल सुटते. तर म्हणे तो आपला संत्रा, तो झाडावर थांबत नाही, पोकळ होतो, तुझ्या झाडाचं मला माहीत नाही, तू ठेवून पाह्य. आणि खरंच आहे ते, नागपुरी संत्रं वेगळं आणि नेव्हल वेगळं, नेव्हल खरं तर मोसंबीच्या कुळातलं, साल घट्ट, झाडावर महिनोन्‌महिने टिकतं. आणि जसं पिकत जातं तसा तो कडू होणारा पदार्थ त्याच्यात कमी होत जातो.

मग मी एक साधी गोष्ट सुरू केली आणि माझ्या मते सगळ्या प्रकारात हीच सगळ्यात उपयोगाची. दर रविवारी एक फळ तोडायचं, हाताने पिळून रस कपात ठेवायचा, वर बशी झाकायची, आणि सोमवारी सकाळी चाखायचा. जानेवारीत कडू, फेब्रुवारीतही कडू पण कमी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अगदी शेवटी घशात जरासं जाणवायचं. मार्चच्या शेवटच्या सोमवारी कपातला रस काल होता तसाच गोड लागला, मी नवऱ्याला उठवून चाखायला दिला.

दुसरी बॅच त्याच आठवड्यात लावली. चौतीस फळं, धुऊन पुसून. त्यातल्या फक्त चार फळांची वरची केशरी साल पीलरने इतकी पातळ काढली की मागे पांढरं दिसू नये, वाइनला संत्र्याचा वास येतो तो या सालीतल्या तेलामुळे, नुसत्या रसाला आंबल्यावर फारसा वास उरत नाही. मग फळं आडवी कापून साध्या हाताच्या ज्यूसरवर हलकेच पिळली, शेवटच्या थेंबासाठी जोर लावला नाही, पांढरा भाग खरवडला जाऊ दिला नाही. अडीच लिटर रस निघाला, तो त्या सालींसकट बादलीत ओतला. त्यात लिटरभर पाणी घातलं कारण नुसत्या रसाची आंबट वाइन पिववत नाही आणि जास्त आंबटात यीस्टही रडतखडत चालतं.

या वेळी हायड्रोमीटर घेतला होता. काचेची नळी असते, रसात तरंगते, साखर जितकी जास्त तितकी वर राहते. साध्या पाण्यात तो 1.000 दाखवतो, पाणी घातलेला रस 1.032 दाखवत होता. थोड्या कोमट पाण्यात साखर विरघळवून थोडी थोडी घालत गेले, दरवेळी ढवळून बघायचं, 1.088 ला थांबले, साधारण साडेपाचशे ग्रॅम लागली. म्हणजे पहिल्या वेळी अंदाजाने जवळपास दुप्पट टाकली होती मी. उकळलं काहीच नाही. जंतूंसाठी एक कॅम्पडेनची, म्हणजे सल्फाइटची, गोळी चुरून टाकली, बारा तासांनी पेक्टिक एन्झाइम अर्धा चमचा, ते पेक्टिन तोडतं, आणि पूर्ण चोवीस तास झाल्यावर यीस्टसाठी खुराक म्हणून न्यूट्रिएंट एक चमचा आणि ईसी-1118 नावाचं वाइनचं यीस्ट. हे थांबणं गरजेचं आहे, गोळी टाकून लगेच यीस्ट घातलं तर तेही दबतं. ही सगळी भांडी, नळ्या, चमचे सॅनिटायझरच्या पाण्यातून काढलेली, यात मी अजिबात तडजोड करत नाही, विरजणाचं भांडं जसं आपण स्वच्छ घेतो तसंच हे, फक्त दहापट काटेकोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीवरचं कापड काढलं तर वर फेस आणि आतून फसफस आवाज, जिलबीचं पीठ आंबल्यावर येतो तसा वास पण त्याच्यावर संत्र्याची साल. पाच दिवस बादलीत ठेवलं, वर कापड बांधून, दिवसातून दोनदा ढवळून. कापड घट्ट बांधा, फळमाश्या आल्या की वाइनचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. रीडिंग 1.020 वर आल्यावर साली गाळून टाकल्या आणि सगळं गॅलनच्या बरणीत भरून एअरलॉक लावला. त्या छोट्याशा पाण्यातून बुडूक बुडूक करत गॅस बाहेर जातो, माझी धाकटी रात्री झोपायच्या आधी बुडबुडे मोजायला जायची, मिनिटाला चाळीस, मग बावीस, मग सात, मग एखादाच.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात 0.996 झालं आणि आठवडाभर तिथेच राहिलं, म्हणजे साखर संपली. 1.088 वजा 0.996, त्याला 131 ने गुणलं की साधारण 12 टक्के अल्कोहोल. तळाशी दोन बोटं गाळ बसला होता, नळी लावून वरचं तेवढं दुसऱ्या बरणीत ओढून घेतलं. बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी, वर हवा राहिली की संत्र्याची वाइन तपकिरी पडते आणि चवही उतरते. मला एक कप कमी पडत होती तेव्हा दुकानातली साधी पांढरी वाइन घालून भरली. जून आणि ऑगस्टमध्ये परत एकदा एकदा गाळावरून काढली. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 40 ला जातो म्हणून बरणी हॉलमधल्या कपाटात, कोटांच्या मागे, तिथे त्यातल्या त्यात गार.

जुलैत एका रविवारी टॉर्च लावला आणि प्रकाश आरपार गेला. मागे ठेवलेल्या पेपरची अक्षरं वाचता येत होती, फिकट सोनेरी रंग, मधाच्या पाण्यासारखा. मी बराच वेळ तिथेच मांडी घालून बसले होते.

बाटल्या सप्टेंबरमध्ये भरल्या. चवीला अगदी कोरडी होती, आम्हाला किंचित गोड हवी होती, पण नुसती साखर घातली तर उरलंसुरलं यीस्ट परत कामाला लागतं आणि बंद बाटली फुटू शकते, म्हणून आधी यीस्टला परत वाढू न देणारं पोटॅशियम सॉर्बेट आणि कॅम्पडेन घालून, काही दिवस थांबून, मग साखर. सॉर्बेट चालू असलेलं आंबणं थांबवत नाही, ते पूर्ण थांबलेलं असावं लागतं, हे विसरू नका. चार ग्लासांत वेगवेगळी गोडी करून चाखली, लिटरला 25 ग्रॅम आम्हाला आवडली. साडेचार बाटल्या झाल्या. अर्धी तिथेच संपली, चार ठेवून दिल्या, कारण तेव्हा ती अजून जरा उग्र लागत होती.

डिसेंबरमध्ये आईबाबा आले. मी बाबांना पहिल्या दोन दिवसांतच मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टनच्या चौकात घेऊन गेले, तिथे नेव्हलचं मूळ झाड आहे, ब्राझीलच्या जातीची रोपं वॉशिंग्टनहून आली होती आणि 1873 मध्ये एलिझा टिबेट्स या बाईंनी ती लावली त्यातलं एक. आता रोगापासून वाचवायला त्याच्यावर जाळीचा तंबू आहे. नेव्हलला बी नसते, त्यामुळे कॅलिफोर्नियातली ही झाडं डोळा बांधूनच, म्हणजे कलम करूनच, वाढवत आणली. बाबा जाळीच्या बाहेर उभं राहून कितीतरी वेळ बघत होते, मग म्हणाले, "म्हंजे हे आपल्या झाडाची आजी हाये." घरी आल्यावर ते सरळ मागे गेले, चप्पल काढून झाडाजवळ उकिडवे बसले आणि बुंध्यावरची माती हाताने बाजूला करून डोळा बांधल्याची जागा शोधली, तिथे साल बदलते. खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते, कशाचा हे बघत होते, आपल्याकडे जंबेरी लिंबाचा असतो.

बाबा माळकरी आहेत, ते वाइन घेत नाहीत आणि मी आग्रहही केला नाही. पण मी बाटली उघडली तेव्हा ग्लास त्यांनी हातात घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. "सालीचा वास येते," म्हणाले. "बाग तोडाईला असली का घरात येते तोच." आईने चमचाभर चाखली आणि काही बोलली नाही, नंतर आणखी एक चमचा घेतला. मी आणि नवऱ्याने एक एक ग्लास घेतला. सप्टेंबरातला उग्रपणा गेला होता, कडूपणा अगदी शेवटी, संत्र्याची साल दाताखाली आल्यासारखा, तेवढा मला हवाच होता.

या वर्षीचा पहिला कप परवा रविवारी ठेवला, बाबांनीच फळ निवडून तोडलं. सोमवारी सकाळी बाबांनी आणि मी चाखला. अजून कडू आहे.