वर्षाचं वाचन पानांत मोजा

'यंदा पन्नास पुस्तकं' असं ठरवलं की त्याचा पहिला परिणाम निवडीवर होतो. शंभर-सव्वाशे पानांची पुस्तकं भराभर हातावेगळी होतात आणि 'मृत्युंजय'सारखी जाडजूड कादंबरी कपाटातच राहते, कारण मोजताना तीही एकच. म्हणून संकल्प पानांत करावा.

आधी आपला वेग काढा. नेहमीच्या आकाराची एखादी कादंबरी घ्या, वीस मिनिटांचा गजर लावा आणि किती पानं झाली ते लिहून ठेवा. असं तीन-चार दिवस करून सरासरी काढा. पहिल्या दिवसाचा आकडा धरू नका. वेळ लावलीय म्हटल्यावर डोळे उगाच पळतात. समजा सरासरी बारा पानं आली, तर रोजच्या अर्ध्या तासाची झाली अठरा. आठवड्याचे पाचच दिवस धरा, म्हणजे ९० पानं. वर्षाचे आठवडेही ५२ धरू नयेत. गणपती, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, दिवाळी यांत सहा आठवडे सहज जातात, आणि नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पाहुणे कोल्हापूरकराला चुकत नाहीत. उरलेल्या ४६ आठवड्यांची पानं होतात ४,१४०. त्यातला पाचवा हिस्सा आजारपण आणि अडल्या कामांसाठी सोडला की राहतात ३,३०० च्या आसपास, म्हणजे दोनशे पानी सोळा पुस्तकं. आकडा लहान वाटेल, पण तो पेलणारा आहे. मोठा आकडा मार्चपर्यंत मागे पडतो आणि मग वाचनच सुटतं.

सगळी पानं सारखी नसतात. वैचारिक ग्रंथाचं एक पान कादंबरीच्या दोन पानांएवढा वेळ घेतं, तेव्हा ते दोन धरायला हरकत नाही. कविता मात्र या हिशोबातून पूर्ण बाहेर ठेवा. कवितासंग्रह तासाभरात 'संपवता' येतो, हीच अडचण आहे.

मराठी वाचकाच्या हिशोबातली सगळ्यात मोठी फट म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं सुरू केलेली ही परंपरा आजही आपल्या वर्षाचे दोन-अडीच महिने घेते, आणि संकल्पात तिला जागाच नसते. अंकाचं पान मोठं, बहुधा दोन स्तंभांचं. मजकूर पुस्तकाच्या पानाच्या जवळपास दुप्पट. दोनशे पानांचा अंक अथपासून इतिपर्यंत वाचला तर दोन पुस्तकांएवढा ऐवज होतो. पण अंक तसा वाचायचाच नसतो. अनुक्रमणिका बघून सात-आठ लेख-कथांवर पेन्सिलीनं खूण करा, तेवढंच वाचा, तेवढीच पानं दुप्पट करून मांडा. असे चार-पाच अंक झेपतात. ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेत ढीगभर मिळतात म्हणून घरी आणले, की अर्धे चाळून परत जातात. अंक ग्रंथालयाचा असेल तर खूण वहीत करा, पानावर नको.

काय वाचायचं हे थोडं आखलेलं बरं, सगळं नको. सोळांपैकी पाच-सहा पुस्तकं एका धाग्यात ओवा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यापुरता धागाही भरपूर लांब आहे: आजऱ्याचे शिवाजी सावंत, कोवाडचे रणजित देसाई, कागलचे आनंद यादव, पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, आणि कोल्हापूरला कर्मभूमी केलेले वि. स. खांडेकर. खांडेकर वाचायला घेतलेत तर शिवाजी विद्यापीठातलं त्यांचं स्मृतिसंग्रहालय अवश्य बघा. शंकर पाटलांचे कथासंग्रह दमलेल्या आठवड्यांसाठी राखून ठेवा. एका बैठकीत एक कथा होते आणि वाचनाची सवय मोडत नाही.

पुस्तक विकत घेतलं की वाचल्याचं समाधान आधीच मिळतं, म्हणून संकल्पासाठी ग्रंथालय जास्त उपयोगी. परतीची तारीख असली की पुस्तक लांबत नाही. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून कोल्हापुरातच आहे. वर्गणी भरायला दुसरा मुहूर्त कशाला? मुदतीचे दिवस दिवसाच्या पानांनी गुणा आणि तेवढ्याच जाडीचं पुस्तक उचला. त्याहून जाड असेल तर मुदत वाढवून घ्यावी लागेल हे आधीच माहीत असू द्या.

अडलेलं पुस्तक संकल्प बुडवतं. एक पुढे सरकत नाही, म्हणून दुसरं हातात घेतलं जात नाही, आणि महिना रिकामा जातो. पन्नास-साठ पानांत जीव रमला नाही तर खुशाल ठेवून द्या. वाचलेली पानं मात्र हिशोबात धरा, ती वाया गेलेली नाहीत.

नोंदीला शाळेची साधी वही पुरते: तारीख, कुठल्या पानापासून, कुठल्या पानापर्यंत. शेजारी एक ओळ पुस्तकाबद्दल. जूनअखेरीस बेरीज करा. १,४०० पानं झाली असतील तरी उत्तम, कारण पावसाळ्यात संध्याकाळी घरातच जातात आणि तूट भरून निघते. बेरीज हजाराच्याही खाली असेल तर वर्षाचं लक्ष्य सरळ २,४०० वर आणा आणि जुलैपासून नव्या आकड्यानं चाला. राहिलेली पानं रोजच्या वाट्यात मिसळून तीस-तीस पानांचा रतीब लावू नका. तो आठवडाभरही टिकत नाही.