तुम्ही विचारलंत म्हणून : दहा हजारांत कुठला कंडेन्सर माइक?

प्रश्न बहुतेकदा असाच येतो : "घरच्या घरी कथावाचन रेकॉर्ड करायचंय, जमलं तर पॉडकास्ट, थोडं गाणंही आहे. दहा हजारांत कुठला कंडेन्सर माइक घेऊ?" विचारणारे कधी ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहतात, कधी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, कधी नवी मुंबईत नेरूळ-सानपाड्याला. सगळ्यांना मॉडेलचं नाव हवं असतं. मी आधी उलटं विचारतो : खोली किती बाय किती, खिडकी कुठल्या बाजूला, आणि तोंड माइकपासून किती लांब ठेवणार? नाव सांगतोच, पण ते या तीन उत्तरांनंतर.

आधी थोडं कंडेन्सर माइकच्या पोटात डोकावू. समोर काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पडदा आणि त्याच्या मागे केसभर अंतरावर एक स्थिर चकती. आवाजाने पडदा हलला की दोघांमधलं अंतर बदलतं आणि विजेचा दाब वरखाली होतो. त्यासाठी तिथे विजेचा भार असावा लागतो. तो बाहेरून द्यायचा, नाहीतर इलेक्ट्रेट वापरायचं, म्हणजे भार कायमचा कोंडून ठेवलेला पदार्थ. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी हे इलेक्ट्रेट माइकात बसवलं, म्हणून आज तुम्हाआम्हाला परवडेल असा कंडेन्सर मिळतो. "इलेक्ट्रेट म्हणजे नकली कंडेन्सर" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा घरगुती रेकॉर्डिंगमधला चांगला नावाजलेला माइकही याच जातीचा आहे.

मात्र भार कोंडलेला असला तरी आतल्या छोट्या अँप्लिफायरला वीज लागतेच. ती येते ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरमधून, त्याच तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने. इथेच स्वस्ताईचा पहिला सापळा आहे. बीएम-८०० या नावाने अनेक कारखाने एकसारखे दिसणारे माइक विकतात. माइक, कात्री स्टँड, स्पंजची टोपी आणि एका टोकाला एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असलेली केबल, सगळं एका खोक्यात. ती पिन लॅपटॉपमध्ये घातली की माइकला जेमतेम दोन ते पाच व्होल्ट मिळतात. आवाज येतो, पण बारीक आणि सूं-सूं करत. मग माणूस माइकला शिव्या देतो. त्यातल्या बऱ्याच माइकांना नीट ४८ व्होल्ट आणि एक्सएलआर ते एक्सएलआर केबल दिली, की ते पुष्कळ सुधारतात. घरात असा माइक पडून असेल तर तो टाकू नका, आधी इंटरफेस घ्या, म्हणजे माइकला वीज देऊन त्याचा आवाज यूएसबीने लॅपटॉपमध्ये पोचवणारी छोटी पेटी.

म्हणून दहा हजारांचा हिशेब मी असा मांडतो : चार ते साडेचार हजार माइकला, तेवढेच इंटरफेसला आणि उरलेल्यात तीन मीटरची केबल, जड बुडाचा स्टँड आणि पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाच्या हवेचा फटका अडवणारी जाळी. या रकमेत बेरिंजर सी-१ च्या वर्गातला माइक आणि बेरिंजर यूएम२ किंवा एम-ऑडिओ एम-ट्रॅक सोलोच्या वर्गातला इंटरफेस बसवता येतो. हे दोन्ही इंटरफेस १६ बिटचे आहेत (बिट जितके जास्त, तितकी आवाजाची पातळी बारकाईने मोजली जाते). बोलण्यासाठी ते चालतात, फक्त गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, नीट लावावा लागतो. थोडी ओढाताण करून बजेट वाढवता आलं तर आधी इंटरफेस २४ बिटचा घ्या, मग माइक एटी२०२० घ्या. क्रम हाच. खोक्यावरच्या '१९२ किलोहर्ट्झ'ला, म्हणजे सेकंदाला आवाज किती हजार वेळा मोजतात त्या आकड्याला, भुलू नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो एवढं पुरे. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते.

एकट्याने फक्त बोलायचं असेल आणि तारांचा कंटाळा असेल तर यूएसबी कंडेन्सर चालेल. उद्या दोघांची मुलाखत घ्यायची असेल तर चालणार नाही. दोन यूएसबी माइक एका लॅपटॉपवर एकत्र नांदवणं हे डोकेदुखीचं काम आहे, कारण दोघांची घड्याळं वेगळी, आणि तासाभराच्या गप्पांत आवाज एकमेकांपासून सरकत जातात.

आता अंतराकडे येतो. माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे. "कंडेन्सर घरातला सगळा आवाज खेचतो, त्यापेक्षा डायनॅमिक बरा" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. (डायनॅमिक म्हणजे चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, बाहेरची वीज न लागणारा माइक.) ते अर्धंच खरं आहे. सारख्याच आवाजाला एटी२०२० साधारण १४ मिलिव्होल्ट देतो, शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक १.८५ मिलिव्होल्ट. म्हणजे कंडेन्सर सुमारे १७-१८ डेसिबल जास्त बोलका. पण तो तुमचा आवाजही तेवढाच वाढवतो आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही तेवढीच. दोघांमधलं प्रमाण बदलत नाही. डायनॅमिक 'शांत' वाटतो, कारण तो आपण ओठांना चिकटवून धरतो आणि कंडेन्सर हातभर लांब ठेवतो. उलट स्वस्त इंटरफेसवर कंडेन्सरचा फायदाच होतो : गेन कमी लागतो, त्यामुळे इंटरफेसची स्वतःची खरखर वर येत नाही.

अंतराचं गणित सोपं आहे. तोंड १५ सेंटिमीटरवरून ३० सेंटिमीटरवर नेलंत की तुमचा आवाज ६ डेसिबलने पडतो, ६० वर नेलंत की १२ डेसिबलने. खोलीचा घुमारा आणि रस्त्यावरचे ट्रक मात्र जिथल्या तिथे राहतात. मग तुम्ही गेन वाढवता आणि ट्रक घरात येतो. म्हणून बोलण्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून केलेली एक वीत. गाताना तार सप्तकात जोर लागतो, तेव्हा ३० पर्यंत जा. दहाच्या आत शिरलात तर आवाज उगाच खर्जात जाड होतो; एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकचा तो स्वभावच आहे.

या प्रकारच्या बहुतेक माइकांमध्ये बोलायचं असतं पोटासमोर, टोकाकडे नाही. ज्या बाजूला पत्त्यांतल्या बदामासारखं चिन्ह किंवा कंपनीचं नाव आहे ती पुढची बाजू. उलट्या बाजूने बोलून "आवाज लांबून येतो" अशी तक्रार करणारे कमी नाहीत.

मराठी बोलणाऱ्याने पॉप फिल्टरवर कंजुषी करू नये. तळहात ओठांसमोर धरून आधी 'प' म्हणा, मग 'फ', मग 'भ'. हवेचा फटका कुठे वाढतो ते हातालाच कळेल. आपल्या भाषेत महाप्राण, म्हणजे 'फ', 'भ' सारखी हवेच्या झोतानिशी येणारी व्यंजनं, पावलोपावली येतात आणि तो फटका पडद्यावर बसला की 'धप्प' असा आवाज उमटतो, जो नंतर नीट काढता येत नाही. जाळी माइकपासून चार बोटं पुढे ठेवा आणि माइक तोंडाच्या रेषेतून ३०-४० अंश बाजूला सरकवा, पण त्याचं पोट ओठांकडेच वळलेलं असू द्या. हवा सरळ निघून जाते, आवाज मिळतो, आणि 'स-श-च'ची शीळही जरा बोथट होते. चाचणीला "भाऊ फाटकापाशी फुलांची पाटी घेऊन बसला, सासूबाईंनी शेंगांची चटणी चाखली" असलं काहीतरी निरर्थक वाक्य म्हणा. 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणून यातलं काहीच कळत नाही.

खोली. आपल्याकडची बेडरूम म्हणजे दहा बाय बारा, खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, एका भिंतीत सरकती अॅल्युमिनियमची खिडकी. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, बारा फुटांत ४८ च्या आसपास. ते बोलण्याच्या खाली आहेत, पण त्यांची दुप्पट, ११४ आणि ९५, नेमकी पुरुषी आवाजाच्या खर्जात पडते. डब्यातून बोलल्यासारखं वाटतं ते यामुळे. खोलीच्या मधोमध हा त्रास सर्वांत जास्त, म्हणून लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसा.

आणि एक जवळपास प्रत्येक घरात उलटं केलेलं काम : भिंतीला फोम चिकटवतात तो माइकच्या पाठीमागे. माइकची पाठ मुळात बहिरीच असते! त्याचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तो तुमच्या पाठीमागची भिंत ऐकतो. मऊ वस्तू तिथे हवी. सर्वांत उत्तम, फुकट सोय म्हणजे कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून बसणं. कपाट नसेल तर दोन जाड गोधड्या दोरीवर टाका, भिंतीपासून वीतभर पुढे; भिंतीला चिकटवल्या तर निम्मा फायदा जातो. खिडकी, लॅपटॉपचा पंखा, असले उपद्रवी आवाज माइकच्या पाठीशी येतील असं बसा. टेबलाच्या सनमायकावर टॉवेलची घडी टाका, नाहीतर तिथून उसळलेला आवाज माइकात दुसऱ्यांदा शिरतो.

एक इंचाचा टोकदार फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो. खोली 'मेलेली' वाटते, पण खर्जाचा घुमारा तसाच राहतो. आणि फोमने बाहेरचा आवाज थांबत नाही, अजिबात नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. सरकत्या खिडकीच्या रुळातली फट आधी बुजवा. तो खर्च फोमपेक्षा कमी आणि परिणाम जास्त.

"रात्री शांत असतं, तेव्हा रेकॉर्ड करा" हा सल्ला घोडबंदर रोडला लागू नाही. उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणारे कंटेनर तिथून रात्रीच जातात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण कंटेनर हा नियम वाचत नाही. सोसायटीतली खरी शांत वेळ बऱ्याचदा दुपारी दोन ते चार असते : कुकर उतरलेले, शाळेच्या बस यायच्या आहेत, ड्रिलवाल्यांनाही जेवायची सुट्टी. दहीहंडीच्या सरावापासून अनंत चतुर्दशीपर्यंत ठाण्यात रेकॉर्डिंगचं वेळापत्रकच आखू नये. याच कारणासाठी, खूप कमी खरखरीचा महागडा माइक तुम्हाला आत्ता नकोय. एटी२०२० ची स्वतःची खरखर २० डेसिबल, रोडच्या एनटी१-ए ची ५. तुमची खिडकी बंद केलेली खोलीच ३० च्या वर असेल, तर तो १५ चा फरक ऐकणार कोण?

जोडणीचा क्रम असा ठेवा. इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा, हबला नाही, कारण ४८ व्होल्टची वीज त्याच यूएसबीतून काढायची असते. गेन शून्यावर, स्पीकर बंद. केबल जोडा, मग ४८ व्होल्टचं बटण दाबा, अर्धा मिनिट थांबा, मग गेन. काढताना उलटं : गेन खाली, बटण बंद, मिनिटभर थांबून केबल काढा. गेन लावताना नेहमीच्या आवाजात नाही, सर्वांत जोरदार वाक्य म्हणून बघा. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मीटरवरची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिली पाहिजेत. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ववत शिवत नाही. बोलण्यासाठी ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ट्रकची घरघर बरीचशी जाते. तबल्याला मात्र हे करू नका, डग्गा पोकळ होईल.

बिघाडांपैकी सर्वांत जास्त विचारला जाणारा : आवाज एकाच कानात येतो. माइक ठीक आहे. इंटरफेसचा पहिला इनपुट स्टिरिओच्या डाव्या बाजूला जातोय. ट्रॅक मोनो करा, संपलं. दुसरा : आवाज आपोआप वरखाली होतो. विंडोजमधल्या माइकच्या 'एनहान्समेंट्स' बंद करा. तिसरा : सतत गुणगुण. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. थांबली तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. जुन्या इमारतीत प्लगला तिसरं भोक असतं, मागे तार असतेच असं नाही. वायरमनकडून ती तपासून घ्या, अर्थची पिन कापण्याचा जुगाड करू नका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवेही अशीच भणभण सोडतात. एकेक बंद करून बघा. चौथा : माइक मेल्यासारखा. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, माइक काढलेल्या केबलच्या एक आणि दोन नंबरच्या पिनांमध्ये, मग एक आणि तीनमध्ये मोजा. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्ट दिसले पाहिजेत. एकीकडेच दिसले तर बहुतेक केबल तुटली आहे. माइक दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदला.

उरला पावसाळा. जुलैत माइक अचानक लाह्या फुटल्यासारखा तडतडायला लागला तर घाबरू नका. पडद्याजवळ ओल धरली की तिथला भार गळतो आणि तडतड होते. हेअर ड्रायर मारू नका, उन्हात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या धान्याच्या डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवा, बहुतेक वेळा पूर्ववत होतो. जून ते सप्टेंबर तर रोजचं काम झालं की माइकने त्याच डब्यात जावं. स्टँडवर रुमाल टाकून ठेवण्याचा खाडीकाठच्या हवेत काही उपयोग नाही. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून परतायचे, रंग परत येईपर्यंत. त्या कढईत पुन्हा काही शिजवायचं मात्र नाही.